पैसे देऊन चिखल

"अगो, ऐकलंस का? पैसे देऊन चिखल तुडवायला येतात लोक!"

काकींच्या बातमीला प्रस्तावना नसते. गडग्यापलीकडून थेट मथळा येतो, मजकूर आपण विचारून घ्यायचा. मी कपडे वाळत घालत होते, चिमटा दातांत होता. नुसतं "हं?" केलं, तेवढं पुरलं.

"वरच्या आळीत ते पुण्याचे आलेत ना जागा घेऊन, तो दाढीवाला नि ती बॉबकटवाली, त्यांचं मातीचं घर चाललंय. शनिवार उजाडला की गाड्या भरून पोरंपोरी येतात, विजारी गुडघ्यावर ओढतात नि चिखलात नाचतात. मी एकीला विचारलं, बाई, रोज किती पडतो? तर म्हणते, 'नाही काकू, आम्हीच फी भरलीय, हे वर्कशॉप आहे.' घे! माझा जन्म गेला चिखलात, लावणी आली की कंबरेचा काटा ढिला. मला नाही कुणी वर्कशॉप म्हटलं."

"मग फी तुम्ही घ्यायचीत. शिकवण्याची."

"शिकवलं की! फुकटात." काकींनी पदर खोचला. "पेंढा कोपरभर लांब घालत होते मेले. म्हटलं, वीतभर तोडा. आणि आज कालवलं नि आज थापलं असं करू नका, चार दिवस मुरू दे, आंबूस वास सुटू दे, मग गिलावा भिंतीला धरतो. त्या दाढीवाल्याने वहीत लिहून घेतलं, तारीख घालून! आमच्या सासूबाईंचं कुणी एक वाक्य लिहून घेतलं नाही हो. नुसतं ऐकून घेतलं, तेही आम्ही, खाली मान घालून."

मी टोपली खाली ठेवली. हे लवकर संपणारं नव्हतं.

"आणि बाटलीत माती घालून हलवत बसतात, ते काय गो? मला आधी वाटलं काढाबिढा."

"मातीची परीक्षा असते ती. बाटलीत थोडी माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळ हलवून ठेवून द्यायची. वाळू लगेच तळाला बसते, तिच्यावर पोयटा, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशीपर्यंत. थर मोजले की कळतं काय किती आहे ते. चिकण जास्त असली तर भिंत वाळताना तडकते, कमी असली तर माती एकमेकीला धरत नाही."

"त्याला बाटली कशाला? ओला गोळा करायचा नि कमरेएवढ्या उंचीवरून टाकायचा. पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर माती कच्ची, बसकन् बसून चार चिरा गेल्या तर बरोबर. नाहीतर सरळ वारुळाची माती आणायची, ती वाळवीने आधीच चाळून ठेवलेली असते."

"दोन्ही एकच झालं काकी."

"एकच कसं? माझ्या गोळ्याला एक दिवस थांबावं लागत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवत असले तरी.

काकींनी आवाज खाली आणला, म्हणजे खरी बातमी आता यायची होती. "पण मी सांगते, नुसतं लोकल-लोकल चाललंय त्यांचं. चुना कुठला? राजस्थानचा. गोणीवर लिहिलंय, मी वाचलं. कारागीर कुठले? बंगालचे. माणसं पुण्याची. मग लोकल काय उरलं? चिखल आणि मी!"

"गांधीजींची अट कडक होती. आदर्श घराचं सगळं सामान पाच मैलांच्या आतलं हवं."

"असं म्हणाले?"

"लॉरी बेकर सांगायचे तसं. इंग्रज माणूस, आर्किटेक्ट. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये आजाऱ्यांची सेवा करून परत जाताना मुंबईत बोटीसाठी अडकला, तिथे गांधीजींची भेट झाली. पुढे इथलाच झाला. उतारवय तिरुअनंतपुरमला काढलं, 1990 साली पद्मश्री मिळाली, 2007 साली गेले. म्हणायचे, तरुणपणी मला ते पाच मैल जरा भाबडे वाटले होते, आता पटतात. आणि गांधीजींनी नुसतं सांगितलं नाही. 1936 साली वर्ध्याजवळ सेगावात राहायला गेले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. तिथल्या कुट्या मीराबेननी गावातल्या लोकांकडून, गावच्या पद्धतीने बांधून घेतल्या. माती, बांबू, कौलं. आजही उभ्या आहेत."

"उभ्या आहेत कारण रोज कुणीतरी सारवतं. ते सांग की." काकींनी बोट रोखलं. "आणि आपले पाच मैल घे. काय काय मिळतं? जांभा, माती, माणग्याचा बांबू, फणस आणि माकडं."

माकडांचं नाव काढलं की दापोली तालुक्यात कुठल्याही गप्पांना वीस मिनिटं वाढतात. कौलारू घरांचा खरा शत्रू पाऊस नाही, हे वानरांचे कळप आहेत. एका उडीत चार कौलं. घर शाकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याचा रोज परवडत नाही, आणि शाकारून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी कळप हजर. निम्म्या गावाने कौलं काढून पत्रे घातले ते या त्रासाने. काकींनी सगळ्या वानरांचा उद्धार करून घेतला, तेवढ्यात पाणंदीतून मिस्त्री आले.

आमच्या गावात मिस्त्री म्हटलं की एकच. सत्तरी ओलांडलेले, एका खांद्यावर बाजाराची पिशवी, दुसरा खांदा चिरे वाहून कायमचा खाली गेलेला. पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांचं जोतं त्यांच्या हातचं. त्यांनी पिशवी गडग्यावर ठेवली आणि सवयीने एक चिरा हलवून पाहिला.

"हा डुगडुगतोय वयनी."

"डुगडुगू दे. तुम्ही सांगा, पुण्यवाल्यांचं घर टिकेल का?"

मिस्त्रींनी घाई केली नाही. "जोतं चांगलं घेतलंय. गुडघ्याच्या वर, जांभ्याचं. छपराची वळचण हातभर जास्त बाहेर काढलीय. मातीच्या भिंतीला पायात बूट आणि डोक्यावर टोपी पाहिजे, मग तिला पाऊस काही करत नाही. पश्चिमेला मात्र झड येते. तिथे झावळ्यांचे झाप बांधावे लागतील दरवर्षी. आपण बांधायचो तसे."

"बांधणार कोण? पावसाळ्यात ते पुण्यात."

"तीच तर गोष्ट आहे." मिस्त्री हसले. "मातीच्या घराला पावसाचं भय नाही, कुलपाचं आहे. चूल पेटली नाही, धूर फिरला नाही, केरसुणी लागली नाही की वाळवी चढते. चार महिने बंद ठेवलं तर दसऱ्याला येऊन बघतील, दाराच्या चौकटीत वाळवीची आळी वसलेली. फणसाचं लाकूड वापरलंय ते बरं केलं. काजूच्या टरफलांचं तेल चोपडा म्हटलं वरून."

"बघा, यांनीही फुकट शिकवलं," काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या.

मी म्हटलं, "पण शेण? भुई सारवायला शेण कुठून आणणार? गावात गुरं किती राहिलीत?"

दोघंही गप्प झाले. वाडीत आता दोन गोठे. काकींच्या माजघरातही भुई होती, तिथे फरशी आली ती हौसेने नाही. सारवायला शेण विकत आणायची पाळी आली तेव्हा काकींनी हात टेकले. निसर्गाने दिलेलं, गावात मिळणारं, फुकट असं आपण सहज म्हणतो. पण ते 'फुकट' गोठ्यातल्या चार जनावरांवर आणि घरातल्या दोन बायकांच्या कंबरेवर उभं होतं. दोन्ही कमी झालं की मातीचं घर सिमेंटपेक्षा महाग पडतं.

"सिमेंटचं तरी काय कौतुक?" मिस्त्री म्हणाले. "त्या वळणावरचा स्लॅबचा बंगला बघा. बांधला, तिसऱ्या पावसात गळला, आता वर लोखंडी सांगाडा करून पत्र्याची शेड घातलीय. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सपाट छप्पर घालायचं नि मग त्या छपराला छप्पर घालायचं! मी तेव्हाच म्हटलं होतं, उतार ठेवा. तर म्हणाले, मिस्त्री, वर गच्ची पाहिजे, पापड वाळवायला."

"वाळवले का पापड?"

"शेडच्या खाली."

काकींना इतकं हसू आलं की गडग्याचा आणखी एक चिरा हलला. हसता हसता त्यांनी तो बसवूनही टाकला. गडगा हा प्रकारच तसा आहे. चुना नाही, सिमेंट नाही, चिऱ्यावर चिरा रचलेला. आमचा हा गडगा पूर्वी काकींच्या गोठ्याची भिंत होता, आणि गोठ्याआधी, असं मिस्त्री सांगतात, तेच चिरे खालच्या आळीतल्या एका पडक्या घराचे होते.

"मातीत बसवलेले होते ना," मिस्त्री म्हणाले. "मातीत बसवलेला चिरा पहारीच्या टोकाने सुटतो. पुसला की नवा. सिमेंटात बसवला की सांधा चिऱ्यापेक्षा कडक होतो. काढायला जाल तर चिरा फुटेल, सांधा नाही फुटणार. मग फक्त भरावाला उपयोग."

जांभ्याचं हे शास्त्र मिस्त्रींना हाताने माहीत आहे. खाणीतून काढताना जांभा ओला, मऊ असतो, पात्याने कापता येतो. उघड्यावर, वाऱ्यावर राहिला की त्याच्यातलं लोह आवळत जातं आणि तो घट्ट होतो. म्हणून जुने गवंडी ताजा चिरा लगेच लावत नसत, काही महिने रचून ठेवत. मात्र तो सच्छिद्र, पाणी पितो आणि परत सोडतो. त्यावर बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला की प्यायलेलं पाणी आत अडकतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटायला लागतात. "गिलावा कच्चा होता" म्हणून दोष येतो तो गवंड्यावर. चुन्याचा गिलावा असं करत नाही, तो भिंतीबरोबर श्वास घेतो.

"चुन्याची घाणी मला आठवते," काकी म्हणाल्या. "देवळाचं काम निघालं होतं तेव्हा. दगडी चर गोल, त्यात भलं मोठं दगडी चाक, बैल फिरतायत. शिंपल्यांचा चुना भाजलेला. त्यात गूळ घालायचे, हिरड्याचं पाणी. आम्ही पोरं गुळासाठी तिथेच घुटमळायचो."

"चुन्याची मजा अशी," मी म्हटलं, "की शिंपला भाजताना त्यातला वायू उडून जातो, आणि भिंतीला लावल्यावर चुना हवेतून तोच वायू हळूहळू परत ओढून घेतो, पुन्हा दगड होतो. त्याला भट्टी लागते नऊशे अंशांच्या आसपास. सिमेंटला साडेचौदाशे. जगभरात जेवढा कार्बन हवेत जातो, त्यातला साधारण सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा."

"म्हणून मी म्हणते, जांभाच बरा."

"जांभाही काही सोवळ्यातला नाही काकी. सड्यावरच्या, त्या उघड्या कातळावरच्या खाणी बघितल्यात ना? यंत्राची पाती आली तशी एका मोसमात एकरभर सडा खणून काढतात. श्रावणातली ती फुलं गेली की गेली. त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, उक्षीला, कशेळीला, बारसूला. 2022 साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. एक घर बांधायचं म्हणून कुणी हत्तीचं चित्र खणून काढावं का?"

मिस्त्रींनी मान हलवली. "म्हणून जुना चिरा. गावात इतकी घरं पडून आहेत की पुढची वीस वर्षं नवी खाण नको. पण पडकं घर आज कुणी उतरवत नाही. जेसीबी बोलावतात. एका सकाळीत सपाट."

हे ऐकून काकी एकाएकी गडग्यावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागल्या. मला काही कळेना. मिस्त्रींना कळलं असावं, ते पिशवीतल्या मिरच्या मोजू लागले.

"आमच्याकडे पण बोलावतोय," काकी शेवटी म्हणाल्या. "चिरंजीव. शिमगा झाला की. कालच फोन होता. म्हणतो, आई, जुनं पाडून टाकू, स्लॅबचं बांधू, तुला वर्षाला कौलं परतायची कटकट नको. 'निसर्ग' वादळाच्या वेळचं त्याच्या मनात बसलंय."

ते आमच्या सगळ्यांच्याच मनात बसलंय. 3 जून 2020. श्रीवर्धनच्या बाजूने वादळ चढलं, आणि मंडणगड-दापोलीत दुपारभर पत्रे, कौलं, माडांचे शेंडे हवेत होते. काकी माजघरात बसून होत्या. वरचं अर्धं पाखं उघडं पडलं.

"पण मग काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? वासे होते तिथेच होते. उडालेल्यातली पडवीत पडलेली, धड असलेली कौलं गोळा केली, गोठ्यावरची काढून घातली, ह्यांनी येऊन चार दिवसांत छप्पर बंद केलं." मिस्त्रींकडे बोट. "पत्रेवाल्यांचे पत्रे वाकडे होऊन दुसऱ्याच्या बागेत सापडले, ते भंगारात गेले."

त्या आत गेल्या आणि एक कौल घेऊन आल्या. गडग्यावर उपडं ठेवलं. मंगलोरी, आता कडेला काळपट, शेवाळाचे डाग. खालच्या बाजूला एक बोटभर नाक, ते रिपेला अडकतं. खिळा नाही, तार नाही, चुना नाही. एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारा उंचवटा. आणि मध्ये उठवलेली इंग्रजी अक्षरं: बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865.

"हे बघ. दीडशे वर्षांचं कौल आहे माझं. आणि हा म्हणतो जुनं झालं."

"1865 हे कारखाना सुरू झाल्याचं साल असतं काकी, कौलाचं नाही. जर्मन मिशनऱ्यांनी मंगळूरला त्या साली कौलांचा कारखाना काढला, तेच साल पुढे कितीतरी वर्षं छापत राहिले. पण पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने इंग्रज सरकारने ताब्यात घेतले, नाव बदललं. त्यामुळे हे कौल त्याच्या आधीचं असणार. शंभरी उलटलेली नक्की."

"शंभर तर शंभर. स्लॅबची शंभरी कुणी बघितलीय?" काकी थबकल्या. "म्हणजे हे पण परदेशी डोक्याचं नि मंगळूरहून गलबतात बसून आलेलं? पाच मैलांतलं नव्हेच की!"

"नव्हेच. आपल्या पणज्यांनी त्याला नैसर्गिक, लोकल असं काही म्हटलं नसेल. फॅशनच म्हटलं असेल. त्याआधी इथे नळे होते, गवत होतं."

"मग ते आपलं कधी झालं?"

उत्तर मिस्त्रींनी दिलं, मिरच्या परत पिशवीत घालत. "फुटलेलं एक बदलता आलं तेव्हा. बाकीच्या छपराला हात न लावता. जे उतरवता येतं, परत चढवता येतं, आणि ज्याच्यासाठी तालुक्याचा माणूस बोलवावा लागत नाही, ते आपलं. मग ते मंगळूरचं असो की काशीचं. पुण्यवाल्यांना मी तेच म्हटलं. तुम्ही मातीचं बांधलंत याचं मला काही नाही. उद्या तुम्ही कंटाळलात तर हे घर सोडवून दुसऱ्याला नेता येईल का, एवढं सांगा. दार, खिडक्या, बांबू, कौलं जातील. माती मातीत जाईल, तिच्यात पुढच्या पावसात माठ लावा. त्यातच सिमेंट कालवलंत तर ती धड मातीही नाही नि धड सिमेंटही नाही. पाच टक्क्यांनी भिंत कडक होते हे खरं, काही ठिकाणी ते करावंही लागतं, पण मग तो माल परतीचा नाही."

"पण मुलगा म्हणतो भूकंप झाला तर? किल्लारी बघ म्हणतो."

"किल्लारी मीही बघितलीय," मिस्त्री म्हणाले. ते तेव्हा पुनर्वसनाच्या कामाला गेले होते. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाट होत होती, माणसं गाढ झोपेत. "तिथे मारलं ते मातीने नाही. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, ओबडधोबड दगडांच्या. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये भर. दोन्ही पदर एकमेकांना बांधणारा लांब दगडच नाही. आणि डोक्यावर माळवद, लाकडावर कित्येक वर्षं चढवत गेलेला मातीचा थर. हलल्यावर भिंतीचं पोट फुटलं आणि ते सगळं वजन खाली आलं. कच्छच्या भूकंपात, 2001 साली, तिथली गोल मातीची घरं, भुंगा म्हणतात त्यांना, ती उभी राहिली. माती तीच. आकार गोल, छप्पर हलकं."

"मातीच्या घरांना भूकंपात काय काळजी घ्यायची याचं भारतीय मानकही आहे, 1993 सालचंच," मी भर घातली. "जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा, कोपरे बांधलेले, छप्पर हलकं."

"कोयनेच्या वेळी मी शाळेत होते," काकी म्हणाल्या. "1967, डिसेंबर, पहाटेची वेळ. माहेरी. सगळी कौलं खडखडली आणि घसरून अंगणात. बाबांनी उजाडल्यावर शिडी लावली." त्यांनी कौल उलटसुलट केलं. "पण पुराचं काय? चिपळूण 2021 साली बघितलंस ना, जुलैत?"

"पुराला मातीची भिंत नाही टिकत," मिस्त्री सरळ म्हणाले. "दोन दिवस पाण्यात उभी राहिली की खाली बसते. खाडीकाठाला, ओढ्याला मी कुणाला मातीचं बांधून देत नाही. तिथे जांभा, नि तोही चुन्यात किंवा सिमेंटात. जागा बघून माल. मालाचं नाव घेऊन जागा नाही बघायची."

इथे मला एक तोडगा सुचला आणि मी तो उत्साहाने मांडला. बेकरसाहेबांचाच. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट तसं बिनकामाचं असतं. ताण घेतात त्या सळ्या, दाब घेतं ते वरचं काँक्रीट. मग सळ्यांच्या चौकटीत खालून जुनी कौलं ठेवून द्यायची. काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो, खोली गार राहते, आणि छताकडे बघितलं की कौलंच दिसतात. मुलाला स्लॅब, आईला कौलं. भांडण मिटलं.

मिस्त्री म्हणाले, "चांगला प्रकार आहे. मी केलाय एकदा, मुंबईच्या आर्किटेक्टच्या हाताखाली."

काकींनी विचार केला. कौलावरून हात फिरवला. मग विचारलं, "आणि परत काढायची कशी?"

"काय?"

"कौलं गो. काँक्रीटमध्ये बसवलीस ती. माझ्या नातीला दुसरीकडे घालायची झाली तर निघतील का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की आता तूच सांग. निघत नाहीत. तो स्लॅब जेव्हा कधी पडेल तेव्हा ती कौलंही राडारोड्यातच जाणार, आणि आमच्या गावात राडारोडा म्हणजे ओढ्याचा काठ. 2016 साली केंद्र सरकारने पाडकामाच्या राडारोड्यासाठी वेगळे नियम केले, पण ते ओढ्याला अजून कुणी वाचून दाखवलेले नाहीत.

"मग नको," काकींनी निकाल दिला. "नव्या घराला कर तू तो प्रकार, जिथे कौलं भंगारातून आणलीत. माझी चढलेली आहेत, ती चढलेलीच बरी." आणि लगेच त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "अगो, त्याच्या मुंबईच्या घरात जेवणाचं टेबल कसलं आहे माहितीये? जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून आणलंय. पाडलेल्या चाळीचं बर्मा टीक म्हणून. मला फोटो पाठवला होता, वहाणा काढून बस म्हणे त्याच्यासमोर! परक्याच्या चाळीचे वासे हा लाखभर देऊन घरात आणतो, आणि आपल्या माजघराचे किंजळीचे वासे जेसीबीला?"

"हे त्याला असंच सांगा," मी म्हटलं.

"सांगतेच." काकींनी तिथल्या तिथे कमरेचा फोन काढला, मोठ्या आवाजावर टाकला. त्यांचा सगळा संसार गडग्यावरूनच चालतो, गुप्त काही नसतं.

चिरंजीव मीटिंगमध्ये होते. मीटिंगमधूनच त्यांनी वर्षाला होणारा खर्च, माकडं, गळती, म्हाताऱ्या आईची काळजी असं सगळं मांडलं. एकही मुद्दा खोटा नव्हता. काकी "हो", "खरंय", "बरोबर" म्हणत राहिल्या आणि मग त्यांनी आपली यादी काढली. न्हाणीघर, संडास आणि मागची सोप्यालगतची खोली नवीन, सिमेंटात, हवी तशी बांध, मला म्हातारपणी घसरायचं नाहीये. पुढचं घर पाडायचं नाही, उतरवायचं. पश्चिमेची फुगलेली भिंत मिस्त्री काढतील आणि त्याच चिऱ्यांनी परत बांधतील, चुन्यात. माथ्याला पट्टा घालतील. छप्पर पुन्हा कौलांचंच. कौलांच्या खाली जाळी मारू, माकड आलं तरी फुटकं कौल घरात नको पडायला. आणि माजघराचं दार कुणी टेबल करायला मागितलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग, "आई, हे करणार कोण? माणसं कुठायत?"

हा प्रश्न मात्र अगदी नेमका होता. काकींनी फोन मिस्त्रींच्या तोंडापुढे धरला.

"मी उभा राहीन," मिस्त्री म्हणाले. "पण वर चढायचं माझं वय गेलं. वाडीतली दोन पोरं द्या हाताखाली. आणि त्यांना पूर्ण रोज. शिकाऊ म्हणून अर्धा नाही."

"पूर्ण?" काकी फोन विसरून वळल्या. "ज्याला अजून ओळंबा धरता येत नाही त्याला?"

"अर्ध्यावर कोण थांबतो वयनी? ती पोरं उद्या पेट्रोल पंपावर जातील. मग पुढच्या वादळाला पडवीतली कौलं गोळा करून कोणाला दाखवाल?"

काकींनी हिशोब केला. ओठ हलले, बोटं मोजली, एकदा आकाशाकडे बघितलं. "रोज त्याचा," फोनकडे बोट, "पण पूर्ण. जेवण माझं. चहा एकदाच."

"दोनदा," मिस्त्री म्हणाले.

"दोनदा. साखर कमी."

शिमगा झाला की कौलं उतरवायची आणि मृगाच्या आत परत चढवायची, असं ठरलं. फोनमधून आवाज आला, "आणि मी काय करू? नुसते पैसे पाठवू?"

मिस्त्रींनी पिशवी उचलता उचलता सांगितलं की छप्पर उतरवताना प्रत्येक वाशावर, प्रत्येक तुळईवर, चौकटीवर आकडा घालावा लागतो, कुठला कुठून काढला त्याची वही ठेवावी लागते, नाहीतर परत चढवताना एकही बसत नाही. त्यांचे डोळे आता अधू झालेत, आकडा दिसत नाही. त्याला शिकलेला माणूस पाहिजे.

काकींनी फोन तोंडाशी नेला. "ऐकलंस? आठ दिवसांची रजा काढ. तुझ्या कंपनीत सांग, गावाला आकडे घालायचं काम निघालंय. आणि खडू पांढरा नको आणू, गेरूचा आण. किंजळीवर पांढरा टिकत नाही."